उकरलेल्या मातींतील विष व तें अडविणारा थर

आपल्या शेतांतील खोलगट जागा भरून काढावी, बांध रुंद करावा, खळ्याची जागा उंच करावी, असें कोणत्या शेतकऱ्यास वाटत नाहीं? अशा वेळीं कोणी येऊन ‘माती फुकट देतों, गाडीभाडेंही आमचेंच,’ असें म्हणाला, म्हणजे त्यास नको म्हणवत नाहीं. शहरें वाढत आहेत, रस्ते रुंद होत आहेत, जुन्या कारखान्यांच्या जागीं इमारती उठत आहेत. या सर्व कामांतून निघालेली माती कोठें तरी टाकावी लागते, आणि पुष्कळदां ती जवळच्या गांवच्या सखल शेतांत येऊन पडते. ही माती घ्यावी कीं न घ्यावी, व घेतल्यास तिच्यापासून विहिरीचें रक्षण कसें करावें, हा प्रश्न संस्थेच्या सभासदांनीं आम्हांस एकाहून अधिक वेळां विचारला आहे. त्याचें उत्तर द्यावें म्हणून हा लेख लिहीत आहों.

आम्हीं सारा जन्म महसूल खात्यांत कारकुनी केली. रसायनशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि या प्रश्नाचा धडा आम्हीं स्वतः दाम मोजून घेतला आहे. नोकरींतून निवृत्त झाल्यावर आम्हीं आमच्या विहिरीच्या वरच्या अंगास असलेला एक खळगा अशाच फुकटच्या मातीनें भरून घेतला. माती दिसण्यांत चांगली काळसर होती. पहिला पावसाळा निर्वेध गेला. दुसऱ्या पावसाळ्यांत भरावाच्या पायथ्याशीं गवत करपूं लागलें, तेव्हां मनांत शंका येऊन विहिरीचें पाणी तपासून आणलें. त्यांत शिशाचें प्रमाण पिण्याच्या मर्यादेहून अधिक निघालें. मागाहून चौकशी करतां कळलें कीं, ज्या आवारांतून ती माती आली तेथें पूर्वीं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसें काढण्याचें काम चालत असे. माती आली फुकट; ती उचलून योग्य जागीं पोंचविण्यास मात्र एका सालच्या कापसाचे सारे पैसे खर्चीं पडले, आणि घरचें पिण्याचें पाणी कित्येक महिने बाहेरून आणावें लागलें तें निराळेंच. मातीच्या वाहतुकीच्या परवान्यावर माती किती ब्रास हें लिहिलेलें असतें. ती माती कशी आहे हें लिहिलेलें नसतें. असे कागद आम्हीं जन्मभर हाताळले, पण हा फरक ध्यानांत आला तो विहीर नासल्यावर.

निजलेलें विष जागें कां होतें

कारखान्याच्या आवारांतील माती दूषित असावी हें समजण्यासारखें आहे. परंतु जिला मनुष्याचा हातही लागलेला नाहीं अशी मातीसुद्धां उकरल्यावर अपायकारक होऊं शकते. याचें मोठें उदाहरण जपानांत पाहावयास मिळतें. त्या देशाच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर शिन-हाकोदाते-होकुतो या स्थानकापासून सप्पोरो शहरापर्यंत अतिवेगवान रेल्वेचा सुमारें २१२ किलोमीटरांचा मार्ग बांधण्याचें काम इ. स. २०१२ मध्यें सुरू झालें. या मार्गाची सुमारें ८० टक्के लांबी बोगद्यांतून जाते. डोंगर पोखरून निघणाऱ्या मातीदगडांचे मोठमोठे ढीग होतात, आणि त्यांतील कांहीं भागांत आर्सेनिकासारखीं द्रव्यें निसर्गतःच असतात. आर्सेनिक म्हणजे तेंच मूलद्रव्य, ज्याच्या एका संयुगास आपले लोक सोमल म्हणतात.

डोंगराच्या पोटांत हें द्रव्य निजलेलें असतें. तेथें हवा नाहीं व पाण्याचा खेळ अल्प. आर्सेनिक पुष्कळदां लोह व गंधक यांच्या पायराइट नांवाच्या चमकदार संयुगांत अडकून असतें. खडक फोडून बाहेर टाकला, म्हणजे त्यास प्रथमच मोकळी हवा व पावसाचें पाणी मिळतें. मग पायराइट कुजल्याप्रमाणें फुटतें, त्यांतील गंधकाचें गंधकाम्ल बनतें, आणि आंतील आर्सेनिक सुटून पाण्याबरोबर खालीं झिरपूं लागतें. शिवाय अखंड खडकापेक्षां फोडलेल्या खडकास पाणी लागण्याची जागा कित्येक पट अधिक. म्हणजे विष नवें येत नाहीं. जुनेंच जागें होतें.

जपानांत दूषित मातीसंबंधाचा कायदा इ. स. २००२ मध्यें झाला, व २०१० पासून निसर्गतः दूषित असलेली मातीही त्याच्या कक्षेंत आली. तेथील झिरप्याची कसोटी साधी आहे. दोन मिलिमीटरांच्या चाळणींतून पडलेली माती एक भाग व पाणी दहा भाग असें मिश्रण सहा तास हालवितात, पाणी अत्यंत बारीक गाळणींतून गाळतात, व त्यांत काय उतरलें तें मोजतात. आर्सेनिक किंवा शिसें दर लिटरास ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक उतरलें तर ती माती कसोटीस उतरली नाहीं. खडक हा त्या कायद्याच्या व्याख्येंत माती नव्हे. तरी बोगद्याच्या खडकाचीही अशीच परीक्षा घेऊन मग त्याची व्यवस्था लावण्याची वहिवाट तेथें पडली आहे. अशी माती कोठें ठेवावी यावरून सप्पोरोच्या बाजूच्या रहिवाशांनीं हरकतीही घेतल्या. आपल्या विहिरीची जशी आपणांस काळजी, तशी त्यांसही.

चिकटून राहणें म्हणजे काय

अशा मातीच्या ढिगाखालीं वरून खालीं चोहोंकडे जाड पत्रे किंवा कापड अंथरून ती पेटींत कोंडल्याप्रमाणें ठेवणें हा एक उपाय. पण माती डोंगराएवढी आणि विष मात्र अल्प, अशा वेळीं हा खर्च फार होतो, आणि कापड फाटल्यास सारेंच फुकट. म्हणून तेथील स्थापत्यशास्त्रज्ञांनीं दुसरी रीत काढली. ढिगाखालीं अशा द्रव्याचा थर द्यावयाचा कीं जो पाण्यास जाऊं देईल, पण त्यांतील विष आपल्या अंगाशीं धरून ठेवील. या धरून ठेवण्यास अधिशोषण म्हणतात. टीपकागद शाई पितो तें शोषण. तेथें सारी शाई कागदाच्या पोटांत जाते. अधिशोषणांत पाणी पुढें जातें, आणि त्यांतील एखादेंच द्रव्य कणांच्या पृष्ठभागास चिकटून मागें राहतें.

हें काम आपली शेतजमीन नित्य करीत असते. चिकणमातीचे कण इतके बारीक व पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात कीं, काळ्या रानांत जी फुगणारी चिकणमाती असते तिच्या एका शुद्ध ग्रॅमाचे सारे पृष्ठभाग पसरले तर सुमारें ७०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सात गुंठे भरतील. चिमूटभर मातींत सात गुंठे जमीन दडलेली आहे, हें आमच्या मोजणीच्या कोणत्याही कागदावर आलेलें नाहीं!

मातीचा हा गुण प्रथम शास्त्रीय रीतीनें दाखविला तो एका जमीनदारानेंच. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याचे एच. एस. थॉम्प्सन यांनीं इ. स. १८४५ च्या सुमारास नळींत माती भरून तिच्यावरून अमोनियम सल्फेटाचें पाणी सोडलें. खालीं जें पाणी आलें त्यांत अमोनिया फार थोडा उरला, व त्याच्या जागीं मातींतील चुन्याचें सल्फेट, म्हणजे जिप्सम, उतरलें. पुढें जे. टी. वे या रसायनज्ञानें १८५० पासून या गोष्टीचा कसून अभ्यास केला. खताचें सत्त्व पावसानें धुपून कां जात नाहीं, याचें उत्तर त्यांतून मिळालें.

आपल्या अधिक ओळखीचें उदाहरण कोंकणांतील जांभ्या जमिनीचें. तेथें सुपरफॉस्फेट घातलें तरी त्यांतील स्फुरद पिकास पुरतेपणीं मिळत नाहीं, ही शेतकऱ्याची जुनी तक्रार. त्या तांबड्या मातींतील लोह व ॲल्युमिनियम यांचे गंज स्फुरदास घट्ट धरून बसतात. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत आर्सेनिक स्फुरदाच्या लगत खालीं येतें, आणि पाण्यांत त्याचें वर्तन बरेंचसें स्फुरदासारखेंच असतें. म्हणून जी माती स्फुरद धरते ती आर्सेनिकही धरते. जपानांतील ज्वालामुखीच्या राखेच्या काळ्या जमिनीही स्फुरद धरण्याविषयीं प्रसिद्ध आहेत, आणि होक्काइदोंत अशा राखेचा थरासाठीं उपयोग करून पाहण्यांत आला आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनें जो दुर्गुण, तोच येथें सद्गुण ठरतो.

थर कसा देतात

प्रथम जागा निवडतात. पावसाळ्यांत भूजल जास्तींत जास्त जेथवर चढतें त्याच्याही वर थराचा तळ राहील असें पाहतात. मग जमीन सारखी करून सुमारें ३० सेंटिमीटर किंवा हिशेबाप्रमाणें अधिक जाडीचा थर पसरतात. लोहाचीं चूर्णें अथवा मॅग्नेशियमाचीं संयुगें महाग, म्हणून तीं चांगल्या मातींत किंवा वाळूंत सारखीं कालवून घालतात. थराच्या वर दूषित मातीचा ढीग, त्याच्या माथ्यावर चिकणमातीचें आच्छादन व पाणी निघून जाईल असा उतार, आणि भोंवतीं चर. आच्छादनाचें महत्त्व थराहून कमी नाहीं. जें पाणी आंत शिरलेंच नाहीं तें गाळावेंही लागत नाहीं. शेवटीं ढिगाच्या खालच्या अंगास तपासणीची एक विहीर ठेवून तिचें पाणी ठराविक मुदतीनें तपासतात.

थर फार चिकण असूनही चालत नाहीं. पाणी त्यांतून गेलें नाहीं, तर वरच तुंबतें व बाजूनें वाट काढतें. मग थर कोरडा आणि विष शेजारच्या शेतांत, असा प्रकार होतो. उलट थर फार भरड असला तर पाणी धांवत निघून जातें, व कणांस विष धरण्यास सवड मिळत नाहीं.

एक औषध सर्व रोगांवर चालत नाहीं

येथें वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण घरगुती उपाय करणारे येथेंच फसतात. शिसें, कॅडमियम, जस्त हे धातु आम्ल पाण्यांत सुटतात व सामू वाढला म्हणजे मातीस धरून राहतात. म्हणून आमच्या भरावासारख्या बॅटरीच्या तेजाबानें आंबलेल्या मातींत बेताचा चुना उपयोगी पडतो. प्रमाणाबाहेर घातल्यास मात्र शिसें पुन्हा विरघळूं लागतें. आर्सेनिकाचें याच्या उलट. तें लोहाच्या गंजावर बसलेलें असतें, आणि सामू फार चढला कीं तेथून सुटतें. म्हणजे शिशास बसविणारा चुना आर्सेनिकास उठवूं शकतो. हाडांच्या चुऱ्यांतील स्फुरद शिशास जखडून टाकतो. पण आर्सेनिकाच्या थरावर तोच स्फुरद पडला तर आर्सेनिकास ढकलून त्याच्या जागीं स्वतः बसतो. लांकडी कोळसा रंग, वास व सेंद्रिय विषें धरण्यांत पटाईत. आर्सेनिकापुढें साधा कोळसा दुबळा ठरतो. तेव्हां विष कोणतें हें ठरल्यावांचून थर कशाचा द्यावा हें ठरत नाहीं.

थराच्या आयुष्याचा हिशेब

आतां आम्हांस येतें तें काम, म्हणजे हिशेब, करूं. पुढील आंकडे कोणा एका जागेचे नव्हेत. रीत समजावी म्हणून घेतले आहेत. ढिगाच्या एक चौरस मीटर तळांतून वर्षास ५०० लिटर पाणी झिरपतें, व त्यांत दर लिटरास ०.०५ मिलिग्रॅम आर्सेनिक आहे, असें धरूं. म्हणजे वर्षास २५ मिलिग्रॅम आर्सेनिक थराकडे येतें. थर ३० सेंटिमीटर जाड व त्याच्या घनमीटराचें वजन १५०० किलो धरल्यास त्या एका चौरस मीटरांत ४५० किलो माती भरते. आतां ही माती किती विष धरते हें प्रयोगशाळेंत ठरवितात. समजा, एक लिटर पाण्यांत जेवढें आर्सेनिक आहे त्याच्या १०० पट एका किलो मातीवर चिकटतें. मग दर किलोस ५ व साऱ्या थरास २,२५० मिलिग्रॅम धरतां येईल. वर्षास २५ प्रमाणें इतकें जमा होण्यास ९० वर्षें लागतील. पण तीच पट १०० ऐवजीं ५ असली, तर साऱ्या थरास ११२.५ मिलिग्रॅमच धरतां येईल, व साडेचार वर्षांत तो भरून जाईल. दोन्ही थरांची जाडी तीच, कदाचित् रंगही तोच. पण एकाचें आयुष्य नातवांच्या काळापर्यंत, आणि दुसऱ्याचें ग्रामपंचायतीच्या पुढील निवडणुकीपर्यंतही नाहीं.

प्रत्यक्षांत पाणी सर्व थरांतून सारखें जात नाहीं. तें सोपी वाट शोधतें. म्हणून कागदावरचें आयुष्य पुरतें हातीं येईल असें धरूं नये. ढिगांतील सुटणारें विषही अमर्याद नसतें. थर भरण्यापूर्वीं तें संपलें तर गंगेंत घोडें न्हालें. तेव्हां ढिगांत विष किती व थराची धारणा किती, या दोन्ही बाजू मांडल्यावांचून खातें पुरें होत नाहीं.

या हिशेबांतून या लेखाचें मुख्य सूत्र निघतें. थर विष खात नाहीं; तो तें फक्त धरून ठेवतो. तो कोठार आहे, भट्टी नव्हे. कोठार भरलें म्हणजे पुढें आलेलें विष जसेंच्या तसें खालीं जातें, आणि परिस्थिति पालटली तर आंत ठेवलेलेंही बाहेर पडूं शकतें.

ही परिस्थिति कशी पालटते तें भाताच्या खाचरांत पाहावें. पाणी बरेच दिवस सांचून राहिलें म्हणजे मातींतील हवा संपते, लोहाचा गंज विरघळतो, व पाण्यावर तांबूस तेलकट साय दिसूं लागते. गंज विरघळला म्हणजे त्याच्यावर बसलेलें आर्सेनिकही सुटलें. बंगालच्या गाळाच्या प्रदेशांत कूपनलिकांच्या पाण्यांत आर्सेनिक येतें, त्याचें एक मोठें कारण जमिनीच्या पोटांतील हीच क्रिया होय. पश्चिम बंगालांत ही आपत्ति इ. स. १९८० नंतरच्या दशकांत उघडकीस आली. यास्तव लोहाचा थर पाण्यांत बुडूं देणें म्हणजे राखणदारास झोपविणें होय. अशा भरावावर भाताचें खाचर करूं नये, आणि त्यावर स्फुरदाचें खतही टाकूं नये.

आपण काय करावें

आपल्या दख्खनच्या काळ्या कातळांत आर्सेनिक सहसा अल्प असतें. म्हणून स्वतःची विहीर खोदतांना निघालेल्या मुरुमाचें किंवा शिवारांतील तलावाच्या गाळाचें भय बाळगण्याचें सामान्यतः कारण नाहीं. इ. स. २०१७ मध्यें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेनें तलावांतील गाळ शेतांत नेण्यास उत्तेजन दिलें, तें योग्यच. ज्या तलावांत शहराचें किंवा कारखान्याचें सांडपाणी येतें त्याचा गाळ मात्र तपासल्याशिवाय घेऊं नये. बाहेरून येणाऱ्या मातीविषयीं आमचें सांगणें पुढीलप्रमाणें आहे.

पहिलें, माती कोणत्या जागेची व तेथें पूर्वीं काय चाले, हें देणाऱ्याकडून लेखी घ्यावें. लिहून देण्यास जो कांकूं करतो त्याची माती फुकटही महाग.

दुसरें, शंका असल्यास मातींत काय आहे एवढेंच न पाहतां, पाण्यांत काय उतरतें याचीही तपासणी करवावी. विहिरीस धोका आहे तो उतरणाऱ्या भागाचा.

तिसरें, विहिरीच्या वरच्या अंगास, ओढ्याच्या कांठीं व पावसाळ्यांत पाणी सांचतें अशा जागीं बाहेरची माती टाकूं नये.

चौथें, भराव करण्यापूर्वींच विहिरीचें पाणी एकदां तपासून तो कागद जपून ठेवावा. मग दरवर्षीं पावसाळ्याआधीं व नंतर तपासावें. पहिली मोजणी नसेल तर दुसरीवरून हद्द ठरत नाहीं, हें सभासदांस सांगणें नको.

पांचवें, कारखान्याची उघड दूषित माती थराच्या भरंवशावर कदापि घेऊं नये. थराची योजना अल्प विष व पुष्कळ माती अशा कामासाठीं आहे. बॅटऱ्यांच्या आवारांतील मातीसारखी माती घातक कचऱ्यासाठीं परवाना असलेल्या जागींच गेली पाहिजे.

आणि सार्वजनिक कामासाठीं आपली जमीन मागण्यांत येऊन ‘खालीं थर देऊं’ असें आश्वासन मिळालें, तर चार प्रश्न विचारावे: विष कोणतें? थर कशाचा व त्याची धारणा किती? पावसाळ्यांतील पाण्याची पातळी कोठें? आणि पंचवीस वर्षांनीं पाणी तपासावयास कोण येणार? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें रसायनज्ञ व स्थापत्यशास्त्रज्ञ देतील. चौथ्याचें उत्तर करारपत्रांत लिहून घ्यावें लागतें; कारण माणसें बदलतात, दप्तरें हलतात, पण थर जेथें घातला तेथेंच राहतो, आणि त्याच्या खालच्या अंगास आपली विहीर असते.

आमच्या विहिरीचें पाणी तपासणींत आतां मर्यादेच्या आंत येऊं लागलें आहे. तरी दरवर्षींची तपासणी आम्हीं सोडलेली नाहीं. सभासदांपैकीं कोणास अशी माती देऊं केली असेल, तर गाडी रिकामी होण्यापूर्वीं संस्थेच्या कचेरींत येऊन विचारावें, एवढीच विनंति.